कुमाऊंची देवळे आणि डोंगरगावे : जागेश्वरला मुक्काम ठेवूनच सहल आखावी

उत्तराखंडातील कुमाऊंची सहल आपल्याकडे बहुधा ‘नैनिताल–कौसानी’ या नावाने विकली जाते आणि तिची आखणीही त्याच नावाबरहुकूम होते. निम्मे मुक्काम नैनितालला, एखादा कौसानीला, आणि या दोहोंच्या मध्ये असलेली अल्मोडा, कटारमल, जागेश्वर ही स्थळे ‘वेळ उरल्यास’ या सदरात. हा प्रदेश सावकाश फिरून आल्यानंतर माझे मत याच्या अगदी उलट झाले आहे. कुमाऊंमध्ये थांबण्यासारखे आणि पुन्हा जाण्यासारखे जे काही आहे, त्यातील बरेचसे अल्मोड्याच्या भोवती पन्नास किलोमीटरांच्या टापूत आहे. नैनितालला एक दिवस पुरतो. जागेश्वरला मात्र रात्रीचा मुक्काम नसेल, तर ती सहल अपुरी आहे असेच मी म्हणेन.

आम्ही आधी एका सहल कंपनीचा तयार कार्यक्रम मागवला होता. त्यात जागेश्वरसाठी दुपारचे जेवण धरून काही तास ठेवलेले होते आणि संध्याकाळी पुन्हा लांबचा प्रवास होता. बदल करून देण्यास त्यांनी नकार दिल्यामुळे आम्ही काठगोदामहून स्थानिक टॅक्सी ठरवली, राहण्याच्या जागा स्वतः निवडल्या आणि दिवसांची वाटणी मनाप्रमाणे केली. हे परीक्षण त्या व्यवस्थेचे आणि त्या वाटेवरच्या स्थळांचे आहे. घरात ज्येष्ठ मंडळी असतील, गर्दीपेक्षा देवळाच्या आवारात शांतपणे बसणे आवडत असेल आणि रोज दहा ठिकाणे ‘करण्याचा’ आग्रह नसेल, तर अशी व्यवस्था तयार सहलीपेक्षा निश्चितच सरस ठरते.

सर्वप्रथम हंगामाविषयी लिहिले पाहिजे, कारण महाराष्ट्रातील कुटुंबे येथे मुख्यतः मे महिन्याच्या सुटीत जातात आणि हिमशिखरे न दिसल्यामुळे हिरमुसून परततात. मे आणि जूनच्या पूर्वार्धात हवेत धूसरपणा असतो. त्यात चीड वृक्षांच्या वाळलेल्या सुयांना, ज्यांना तेथे पिरूल म्हणतात, वणवे लागतात आणि धुराचा थर दऱ्यांवर दिवसेंदिवस साचून राहतो. जून 2024 मध्ये बिनसर अभयारण्यात लागलेल्या अशाच वणव्यात वनकर्मचाऱ्यांना प्राण गमवावे लागले होते. तेव्हा हा केवळ छायाचित्रे नीट न येण्याचा प्रश्न नाही. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पावसामुळे दरडी कोसळतात. स्वच्छ आकाश, कोरडे रस्ते आणि सकाळी लख्ख दिसणारी शिखरे हे सर्व एकत्र हवे असेल, तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, म्हणजे आपली दिवाळीची सुटी, हाच काळ धरावा. मार्चअखेरीस बुरांशाची लाल फुले फुललेली असतात आणि तोही काळ सुंदर असतो, पण शिखरदर्शनाची तेव्हा तेवढी शाश्वती नसते.

काठगोदाम हे या मार्गावरचे शेवटचे रेल्वे स्थानक आहे. नवी दिल्लीहून पहाटे निघणारी शताब्दी दुपारच्या आत तेथे पोचवते, आणि रात्रीच्या प्रवासासाठी राणीखेत एक्सप्रेस आहे. स्थानकाबाहेर पडताच चढ सुरू होतो. टॅक्सी ठरवताना दरात इंधन, चालकाचे राहणे-जेवण, पार्किंग आणि प्रवेशकर धरलेले आहेत की नाहीत हे लिहून घ्यावे. दर दिवसाचा आहे की किलोमीटरचा, हेही आधीच स्पष्ट करावे. मोठ्या गाडीचा आग्रह धरू नये. अल्मोड्याच्या पुढचे गावरस्ते अरुंद आहेत, आणि समोरून बस आली की कोणाला तरी मागे जावे लागते, अशा वेळी लहान गाडीच उपयोगी पडते. आमचे चालक अल्मोडा जिल्ह्यातीलच होते. ते अंधार पडल्यावर गाडी हाकत नसत आणि सकाळी लवकर निघण्याचा त्यांचा आग्रह असे. सुरुवातीला ही अट जाचक वाटली तरी डोंगरात तीच शिस्त योग्य आहे. वळणांवर भोंगा वाजवणे, चढणाऱ्या गाडीला आधी वाट देणे, दरडीच्या जागी न थांबणे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. मैदानी भागातून चालक घेऊन येणाऱ्यांना हे कौशल्य विकत मिळत नाही.

नैनितालविषयी थोडक्यात. सरोवर सुंदर आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. त्याच्या उत्तर टोकाला नैनादेवीचे मंदिर आहे आणि सतीचे नेत्र येथे पडले, अशी श्रद्धा आहे. 18 सप्टेंबर 1880 रोजी येथे प्रचंड दरड कोसळली, 151 माणसे दगावली आणि जुने देऊळही गाडले गेले. आज तेथे ‘फ्लॅट्स’ नावाचे जे सपाट मैदान आहे, ते त्या दरडीच्या राडारोड्यावर तयार झाले. त्या मैदानाच्या कडेला देऊळ, गुरुद्वारा आणि मशीद जवळजवळ उभी आहेत. हा इतिहास ठाऊक असला म्हणजे सरोवराभोवतीच्या तीव्र उतारांवर दाटीने उभी राहिलेली हॉटेले पाहताना काळजी वाटल्यावाचून राहत नाही. 2018 मध्ये खालच्या मॉल रोडचा एक तुकडा सरोवरात खचला होता. मल्लीतालहून स्नो व्ह्यूपर्यंत जाणारा रोपवे चांगला आहे, परंतु तेथून शिखरे दिसतात ती सकाळी. दुपारी रांगेत उभे राहून वर जाण्यात अर्थ नाही. सुटीच्या दिवशी गाडी ठेवायला जागा मिळत नाही आणि सरोवराच्या काठाने चालण्याचा आनंदही गर्दीत हरवतो. भाद्रपदातील नंदादेवी महोत्सवाच्या वेळी, जेव्हा केळीच्या खांबांपासून नंदा-सुनंदेच्या मूर्ती घडवल्या जातात, तेव्हा मात्र हे गाव आपल्या मूळ रूपात दिसत असणार. तो योग आम्हाला आला नाही.

भवालीच्या पुढे अल्मोड्याच्या रस्त्यावर कैंची धाम लागते. नीम करोली बाबांनी 1964 मध्ये स्थापलेला हा आश्रम आणि तेथील हनुमान मंदिर आता देशभर प्रसिद्ध झाले आहे. दोन डोंगरांच्या बेचक्यातील ओढा, त्यावरचा पूल आणि पलीकडची देवळे अशी रचना आहे. आतील व्यवस्था शिस्तीची आहे, छायाचित्रांना मनाई आहे आणि त्यामुळे दर्शनाच्या ओळीतही शांतता टिकून राहते. अडचण आहे ती रस्त्याची. हाच पहाडाचा मुख्य मार्ग असल्याने शनिवार-रविवारी येथे वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात, आणि 15 जून या स्थापनादिनाच्या मेळ्याला तर लाखांच्या संख्येने भाविक येतात. गर्दीच्या दिवसांत खाजगी गाड्या अलीकडे थांबवून शटलने सोडले जाते. सकाळी आठच्या आत पोचणे किंवा आठवड्याच्या मधला दिवस निवडणे, एवढाच यावर उपाय आहे.

कैंचीनंतर रस्ता खाली उतरतो आणि कोसी नदीच्या काठाने जाऊ लागतो. या टप्प्यावर काकडीघाट आहे. 1890 मध्ये हिमालयाच्या वाटेवर असताना स्वामी विवेकानंद येथील पिंपळाखाली ध्यानाला बसले होते, आणि पिंड व ब्रह्मांड यांच्या एकत्वाचा जो अनुभव त्यांना आला, तो याच जागी. बहुतेक गाड्या येथे थांबत नाहीत. नदीचा आवाज, लहानसे देऊळ आणि पिंपळाचा पार यांखेरीज पाहण्यासारखे काही नाही, हे खरे. पण ज्यांना विवेकानंदांच्या चरित्राबद्दल आस्था आहे त्यांनी चालकाला आधीच सांगून ठेवावे. पुढे क्वारबजवळ डोंगराचा मोठा उतार वारंवार घसरतो आणि रस्ता बंद होतो किंवा एकेरी वाहतूक सुरू ठेवली जाते. पावसाळ्यानंतरच्या आठवड्यांत निघण्यापूर्वी या जागेची चौकशी अवश्य करावी. बंद असल्यास राणीखेतमार्गे वळसा घ्यावा लागतो आणि अर्धा दिवस वाढतो.

अल्मोडा हे चंद राजांनी सोळाव्या शतकात वसवलेले राजधानीचे गाव. घोड्याच्या पाठीसारख्या आकाराच्या धारेवर ते पसरलेले आहे. दुरून पाहता काँक्रीटच्या घरांची दाटी दिसते आणि प्रथमदर्शनी निराशा होते. परंतु गाडी खाली सोडून वरच्या फरसबंदी बाजारात शिरले की लाकडी कोरीव चौकटींची जुनी घरे, तांब्याच्या भांड्यांची दुकाने आणि खव्याच्या बाल मिठाईचे ढीग दिसू लागतात. तांब्याचे काम ही येथील पिढीजात कला आहे. घडाईच्या गागरी आता यंत्राच्या मालापुढे मागे पडत चालल्या आहेत, म्हणून घ्यायचेच असेल तर हातोडीचे ठसे असलेले भांडे मागून घ्यावे. मालूच्या पानाच्या शंकूत भरलेली सिंगोडी बाल मिठाईपेक्षा मला अधिक आवडली. जेवणात मडुव्याची, म्हणजे नाचणीची, रोटी आणि गहत, म्हणजे कुळथाची, डाळ मिळते. मराठी माणसाच्या जिभेला हे जेवण परके वाटत नाही, आणि तरी हॉटेलवाले ते मागितल्याशिवाय देत नाहीत.

गावाबाहेर आठ-एक किलोमीटरवर चितईचे गोलू देवतेचे मंदिर आहे. गोलू हा कुमाऊंचा न्यायदेव. शुभ्र घोड्यावर बसणाऱ्या या राजाकडे लोक अर्ज करतात, आणि ते अर्ज खरोखरच लिहून मंदिरात टांगलेले असतात. काही साध्या कागदावर, काही चक्क न्यायालयाच्या मुद्रांक कागदावर. जमिनीचे वाद, नोकरी, हरवलेले माणूस, सासरचा छळ अशी त्यांतील दुःखे आहेत. काम झाले की घंटा वाहायची प्रथा असल्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना हजारो घंटा लटकत आहेत. पर्यटक त्या अर्जांची जवळून छायाचित्रे घेतात, हे मला अत्यंत अनुचित वाटते. ती कोणाची तरी खाजगी कैफियत आहे, तिच्यापुढे हात जोडावेत आणि पुढे व्हावे.

कसारदेवीला संध्याकाळी जावे. टेकडीवरच्या या देवळाजवळ सहाव्या शतकाच्या सुमाराचा शिलालेख खडकावर कोरलेला आहे आणि विवेकानंदांनी येथील गुहेत ध्यान केले होते. वर दोन्ही बाजूंना मोकळी दरी आहे. या जागी व्हॅन अ‍ॅलन पट्ट्यामुळे विशेष चुंबकीय शक्ती आहे, असे स्थानिक वाटाडे आवर्जून सांगतात. हा पट्टा पृथ्वीभोवती शेकडो किलोमीटर उंचीपासून सुरू होतो आणि तो साऱ्या पृथ्वीला वेढून आहे. एखाद्या टेकडीला त्याचा वेगळा वाटा मिळण्याचे कारण नाही. देवीची जागा तिच्या शांततेने आणि प्राचीनतेनेच मोठी आहे. तिला असल्या आधाराची गरज नाही.

कटारमलचे सूर्यमंदिर मात्र कार्यक्रमातून कधीही गाळू नये. कत्यूरी राजा कटारमल्ल याने नवव्या शतकाच्या सुमारास बांधलेले हे पूर्वाभिमुख देऊळ अल्मोड्याहून कौसानीकडे जाताना मुख्य रस्त्यापासून थोडे आत, चढावर आहे. मुख्य देवळाचे शिखर वरून ढासळलेले आहे आणि भोवती चाळीसहून अधिक लहान देवळांचा परिवार दाटीने उभा आहे. मूळचा कोरीव लाकडी दरवाजा आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दिल्लीत एक दिवस हाताशी असेल तर तो आधी पाहून यावा, म्हणजे येथील रिकामी चौकट पाहताना डोळ्यांपुढे चित्र पूर्ण होते. गाडी देवळाच्या बरीच जवळ जाते, तरी शेवटचा भाग पायी चढावा लागतो. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी काठी बरोबर ठेवावी. आम्ही गेलो तेव्हा आवारात आमच्याखेरीज जेमतेम चार माणसे होती, आणि अशा दर्जाची वास्तू इतक्या निवांतपणे पाहायला मिळणे ही आज दुर्मीळ गोष्ट आहे.

आता जागेश्वर. अल्मोड्याहून सुमारे पस्तीस किलोमीटर अंतर आहे. शेवटच्या तीन किलोमीटरांत, आरतोल्याला मुख्य रस्ता सोडल्यानंतर, देवदारांचे वन सुरू होते आणि हवा एकदम बदलते. समुद्रसपाटीपासून 1,870 मीटर उंचीवर, जटागंगेच्या अरुंद खोऱ्यात, सव्वाशेच्या घरात लहानमोठी दगडी देवळे आहेत. त्यांतील सर्वांत जुनी सातव्या शतकाच्या आसपासची आणि नंतरची तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंतची, म्हणजे सहा-सात शतकांचे बांधकाम एका आवारात शेजारी शेजारी उभे आहे. पुरुषभर उंचीच्या देवळ्या आणि त्यांच्या मधोमध जागेश्वर व मृत्युंजय यांची मोठी शिखरे अशी ही वस्ती आहे. काही शिखरांवर आमलकाच्या, म्हणजे शिखराच्या माथ्यावरील चकतीसारख्या दगडाच्या, वर लाकडी छत्र बसवलेले दिसते. पाऊस आणि हिम यांच्यापासून दगडाचे रक्षण करणारी ही पहाडी योजना आपल्याकडच्या देवळांत आढळत नाही.

हेमाडपंती देवळे पाहण्याची सवय झालेल्या मराठी डोळ्याला येथील पहिला फरक जाणवतो तो शिल्पांच्या प्रमाणाचा. औंढा नागनाथच्या पायथ्यापासूनच शिल्पपट्ट सुरू होतात आणि भिंतीवर मोकळी जागा शोधावी लागते. जागेश्वरला भिंती बहुतांशी साध्या आहेत आणि शिल्प एकवटलेले आहे ते दर्शनी भागावर, दारावर आणि शिखराच्या पुढच्या बाजूला, जेथे त्रिमुखी शिव आणि लकुलीश यांच्या प्रतिमा दिसतात. लकुलीशाची ती बैठी, हाती दंड घेतलेली मूर्ती पाशुपत या शैव संप्रदायाची खूण आहे. मुख्य जागेश्वर मंदिराच्या दाराशी नंदी आणि स्कंदी हे सशस्त्र द्वारपाल उभे आहेत. नवदुर्गेचे देऊळ तर वेगळ्याच घडणीचे, गाडीच्या टपासारख्या लांबट गोल छपराचे आहे, आणि या छपराच्या प्रकाराची देवळे देशातच मोजकी उरली आहेत. हे बारकावे पाहण्यासाठी सकाळची तिरपी उन्हे लागतात. दुपारी देवदारांच्या सावलीत सारे करडे दिसते, आणि दुपारी येऊन दुपारीच परतणाऱ्यांना त्यामुळेच ‘सगळी देवळे सारखीच’ असे वाटत असावे.

द्वादश ज्योतिर्लिंगांतील नागेश कोणता, याविषयी औंढा, द्वारकेजवळचे नागेश्वर आणि जागेश्वर असे तिन्हीकडचे भाविक आपापला दावा सांगतात. मराठवाड्यातून आलेल्या माणसाने येथे वाद घालण्याचे कारण नाही. पुजाऱ्यांना आम्ही औंढ्याचे नाव सांगितले तेव्हा त्यांनी आनंदाने तेथील पूजेची चौकशी केली आणि अभिषेकाच्या वेळी तेही नाव उच्चारले. येथे प्रत्येक मुख्य देवळाचे पूजेचे हक्क ठरलेल्या पुजारी घराण्यांकडे आहेत. अभिषेक करायचा असल्यास आदल्या संध्याकाळी भेटून वेळ, सामग्री आणि दक्षिणा ठरवून घ्यावी, म्हणजे सकाळी घाई होत नाही. श्रावणात येथे मोठा मेळा भरतो. उत्तरेकडचा आणि पहाडातील श्रावण आपल्या श्रावणाशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून त्या सुमारास जाणाऱ्यांनी आधी तारखा पाहून ठेवाव्यात.

मुक्काम का हवा, याचे खरे कारण संध्याकाळच्या आरतीनंतर कळते. दिवसा आलेल्या गाड्या निघून जातात, दुकाने मिटतात आणि खोऱ्यात ओढ्याचा आवाज उरतो. देवळांच्या शेजारीच, दोन प्रवाह मिळतात तेथे, आसपासच्या गावांचे स्मशान आहे. शिवाच्या सान्निध्यात शेवटचा प्रवास व्हावा, या भावनेने लोक दुरून येथे येतात. मृत्युंजयाचे देऊळ आणि चितेची जागा यांत काही पावलांचेच अंतर आहे. प्रथम हे पाहून आमच्यातील एक-दोघे अस्वस्थ झाले होते, पण गावकऱ्यांच्या वागण्यात भीती नाही, विटाळाची भावना नाही, आणि ते पाहता पाहता आपलेही मन स्थिरावते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातील लहानसे पुरातत्त्व संग्रहालय पाहावे, अलीकडे असलेले दंडेश्वराचे उंच देऊळ पाहावे, आणि पाय साथ देत असतील तर वरच्या धारेवरील वृद्ध जागेश्वरला जावे. आकाश मोकळे असल्यास तेथून हिमशिखरांची रांग दिसते.

राहण्यासाठी कुमाऊं मंडल विकास निगमचे पर्यटक आवासगृह देवळांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि अलीकडे होमस्टेही बरेच झाले आहेत. जागा साध्या असतात, गरम पाणी सकाळी बादलीने मिळते, मोबाइलचे जाळे अधूनमधून जाते; रोख रक्कम अल्मोड्यातूनच काढून आणावी. ऑक्टोबर 2023 मध्ये पंतप्रधानांनी येथे भेट दिल्यानंतर येणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे. 2024 च्या आरंभी आरतोला ते जागेश्वर रस्ता रुंद करण्यासाठी देवदार तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा गावकऱ्यांनीच त्याला विरोध केला. त्या झाडांखालून गेलेल्या कोणालाही तो विरोध पटेल. अरुंद रस्त्यावर दहा मिनिटे थांबावे लागले तरी चालेल. ते वन आणि ते देवस्थान वेगळे काढता येत नाही.

बिनसर हे देवस्थानापेक्षा अरण्य म्हणून मोठे आहे. चंद राजांची ही उन्हाळी राजधानी होती आणि आज बांज, म्हणजे ओक, व बुरांशाच्या वनाचे अभयारण्य आहे. सुमारे 2,400 मीटर उंचीवरील झीरो पॉइंटपर्यंत पायवाट जाते आणि तेथून केदारनाथ, चौखंबा, त्रिशूल, नंदादेवी, नंदाकोट ते पंचचुलीपर्यंतची रांग दिसते. आतील पर्यटक आवासगृहात वीज संध्याकाळी काही तासच असते. ज्यांना ही गोष्ट गैरसोय वाटते त्यांनी बाहेर राहावे. आम्हाला त्या अंधारात दिसलेले तारे अजून आठवतात.

कौसानीची कीर्ती शिखरदर्शनाची आहे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे ती पूर्णपणे खरी ठरते. त्रिशूल, 7,120 मीटर, अगदी समोर उभा राहतो. 7,816 मीटरची नंदादेवी त्याच्यामागे किंचित दूर असल्याने उंच असूनही आधी ओळखू येत नाही. गांधीजी 1929 मध्ये येथे राहिले आणि ‘अनासक्तियोग’ या आपल्या गीतानुवादाची प्रस्तावना त्यांनी येथेच लिहिली; त्या जागी आज अनासक्ती आश्रम आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेला बाहेरच्यांनाही बसता येते. आश्रमाभोवती हॉटेले आणि दुकाने पार कुंपणापर्यंत आली आहेत, आणि शांततेसाठी येणाऱ्यांनी गांधीजींच्या इंग्रज शिष्या सरला बहन यांनी 1946 मध्ये पहाडी मुलींच्या शिक्षणासाठी सुरू केलेल्या लक्ष्मी आश्रमाची वाट धरावी. तेथे जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी, कारण ती चालती शाळा आहे. कवी सुमित्रानंदन पंत यांचे जन्मघरही गावात संग्रहालय म्हणून राखलेले आहे.

कौसानीहून खाली उतरले की गोमतीच्या काठी बैजनाथ. कत्यूरी राजांच्या राजधानीतील हा देवळांचा समूह आकाराने लहान आहे, पण आत काळ्या पाषाणाची जी पार्वतीची मूर्ती आहे, तिच्यासाठी मी कौसानीचा मुक्कामही कमी करायला तयार होईन. पुरुषभर उंचीची ही मूर्ती, भोवती परिवारदेवतांचे दाट कोरीव काम, आणि तरी चेहऱ्यावर इतकी सौम्यता की नजर दागिन्यांकडे जातच नाही. घाटाच्या पाण्यात मोठे मासे निर्धास्त फिरतात. त्यांना कोणी पकडत नाही.

बागेश्वर हे शरयू आणि गोमती यांच्या संगमावरचे गजबजलेले जिल्ह्याचे गाव आहे आणि सहल कंपन्यांच्या यादीत ते क्वचितच असते. संगमावरील बागनाथाचे देऊळ चंद राजा लक्ष्मीचंद याने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधले, असे मानतात. मकर संक्रांतीला येथे उत्तरायणीचा मेळा भरतो. जानेवारी 1921 च्या मेळ्यात बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली जमलेल्या गावकऱ्यांनी कुली बेगारीच्या, म्हणजे साहेबांचे सामान फुकट वाहण्याच्या सक्तीच्या, नोंदवह्या शरयूत फेकून दिल्या आणि ती प्रथा मोडून काढली. देवाच्या दारी जमलेल्या यात्रेतून उभा राहिलेला हा लढा महाराष्ट्रात फारसा कोणाला माहीत नाही. ज्या घाटावर हे घडले तेथे उभे राहण्यासाठी बागेश्वरला यावे, असे मला मनापासून वाटते. आवारात जुन्या मूर्तीही बऱ्याच मांडून ठेवल्या आहेत.

तब्येतीच्या दृष्टीने हा प्रवास ज्येष्ठांना झेपणारा आहे, कारण मुक्कामाची बहुतेक गावे दोन हजार मीटरांच्या आत-बाहेर आहेत आणि विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. त्रास होतो तो वळणांचा. काठगोदाम ते अल्मोडा या सुमारे नव्वद किलोमीटरांना तीन ते चार तास लागतात, म्हणून पोट हलके ठेवून निघावे आणि मध्ये गरमपाणी-खैरना भागात चहासाठी थांबावे. खर्च तयार सहलीपेक्षा फार कमी आला नाही. टॅक्सी पूर्ण दिवस आपल्याजवळ ठेवल्याने ती बाजू वाढते, आणि मधले मुक्काम साध्या जागी केल्याने ती भरून निघते. दिवस हाताशी कमी असतील तर नैनितालचा मुक्काम काढून अल्मोड्याला द्यावा आणि नैनिताल परतीच्या वाटेवर दुपारी पाहावे. त्याहूनही कमी असतील तर कौसानी सोडावे, परंतु कटारमल आणि जागेश्वर ठेवावे. दिवाळीच्या सुटीत जागेश्वरच्या खोल्या लवकर भरतात. गाडीची तिकिटे काढण्याआधी तेथील खोली मिळते आहे का, हे विचारून घ्यावे आणि मगच बाकीच्या तारखा जुळवाव्यात.